मागची नजर

१८६५ साली ब्रिटिश पार्लमेंटने रस्त्यावरून चालणाऱ्या वाफेच्या यंत्रांसंबंधी जो कायदा केला, त्याची स्मृती आज बहुधा तांबड्या निशाणापुरतीच उरली आहे. यंत्राच्या पुढे निदान साठ यार्डांवर एका माणसाने हाती तांबडे निशाण घेऊन पायी चालावे, आणि यंत्राने गावाबाहेर ताशी चार मैलांहून व गावात ताशी दोन मैलांहून अधिक वेग घेऊ नये, हा त्यातील भाग पुढील काळातील लेखकांनी सुधारणाद्वेषाचा नमुना म्हणून वारंवार सांगितला आहे. परंतु त्याच कलमात, निशाणाच्याही आधी, जी एक तरतूद आहे तिची चर्चा क्वचितच होते. यंत्र चालविण्याच्या कामी किमान तीन माणसे असावीत, आणि यंत्रामागे दोहोंहून अधिक वाघिणी जोडल्या असतील तर केवळ त्या वाघिणींची देखरेख करण्यासाठी आणखी एक इसम नेमावा, अशी ती तरतूद. हा चौथा इसम मला त्या सबंध कायद्यातील सर्वांत महत्त्वाचा माणूस वाटतो. कारण ओढणाऱ्याचे तोंड पुढे आणि ओढल्या जाणाऱ्या ओझ्याचे भवितव्य मागे, ही जी कोणत्याही ओढकामातील मूळची अडचण, तिची दखल कायद्याच्या भाषेत इतक्या स्पष्टपणे त्याच्या रूपाने घेतली गेली. आज ऑस्ट्रेलियाच्या ओसाड मुलखातून अडीच मीटर रुंदीची कॅरव्हॅन ओढीत जाणाऱ्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीच्या दोन्ही दारांवर लांब भुजांचे जे मोठाले आरसे दिसतात, ते त्या चौथ्या इसमाच्या जागेवर आलेले आहेत. ती जागा माणसाकडून काचेकडे कशी गेली, आणि ती सांभाळण्यासाठी काचेला गाडीच्या अंगापासून दूर, आणखी दूर का सरकावे लागले, याचा वृत्तांत दीडशे वर्षांवर पसरलेला आहे.

करमणुकीसाठी चाकांवरचे घर घेऊन हिंडण्याची चाल ज्याच्यापासून सुरू झाली असे सामान्यतः मानले जाते, तो डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हा ब्रिटिश आरमारातून निवृत्त झालेला स्कॉटिश शल्यवैद्य आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारा लेखक होता. १८८५ साली त्याने ब्रिस्टल येथील गाड्यांच्या कारखान्याकडून ‘वाँडरर’ नावाची, सुमारे दोन टन वजनाची, दोन घोड्यांनी ओढावयाची प्रशस्त गाडी बांधवून घेतली, आणि इंग्लंडच्या दक्षिणेतील ट्वायफर्डपासून स्कॉटलंडच्या उत्तरेकडील इन्व्हरनेसपर्यंत तिच्यातून प्रवास केला. या प्रवासात त्याचा खिदमतगार तीनचाकी सायकलवर बसून गाडीच्या पुढे जात असे व अरुंद वाटेवर समोरून येणाऱ्यांना या अवजड वाहनाची वर्दी देत असे. पुढे माणूस होता, मागे मात्र कोणी नव्हता. आणि त्याची निकडही नव्हती, कारण त्या रस्त्यांवर मागून वेगाने येऊन अशा गाडीला ओलांडून जाणारे वाहन विरळाच. १८६५ च्या कायद्यातील चौथा इसम पाहत होता ते ओढल्या जाणाऱ्या वाघिणींकडे, त्यांच्या साखळ्यांकडे आणि चाकांकडे. त्यांच्याही मागून कोण येते आहे हे पाहण्याचे दुसरे काम वेगाबरोबर, म्हणजे पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीबरोबर, जन्मास आले. आरशाच्या वाट्यास पुढे ही दोन्ही कामे आली, आणि त्याच्या घडणीतील बहुतेक सर्व पेच या दुहेरी नेमणुकीतूनच निर्माण झालेले आहेत.

रथ हाकणाऱ्याने पुढे पाहावे आणि चाकांची काळजी दुसऱ्याने वाहावी, ही व्यवस्था आपल्याला परकी नाही. कुरुक्षेत्रावर अर्जुनाच्या रथाचे डावे चाक युधामन्यूने आणि उजवे चाक उत्तमौजाने सांभाळले असे भीष्मपर्वात सांगितले आहे. साक्षात श्रीकृष्ण सारथ्य करीत असताही बाजूंची चिंता त्याच्यावर टाकलेली नव्हती. पुढे १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली, आणि गाडी मागे घेण्याची वेळ आली की कंडक्टरने खाली उतरावे, पत्र्यावर थापा मारीत ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत ड्रायव्हरला मार्ग दाखवावा, हा परिपाठ महाराष्ट्रातील प्रत्येक स्थानकावर रूढ झाला. घाटातील मालट्रकचा क्लीनर डाव्या दारातून कमरेपर्यंत बाहेर वाकून दरीची कड आणि मागची रहदारी एकदमच न्याहाळीत असे. माणूस स्वस्त आणि आरसा दुर्लभ, एवढेच या प्रथेचे कारण सांगणे अपुरे होईल. माणसाच्या नजरेला आवाज असतो, ती धोक्याच्या क्षणी ओरडू शकते. आरशाला कोणीतरी पाहावे लागते, आणि हा भेद आरशाच्या बाजूने कधीच मिटलेला नाही.

मोटारीवर आरसा पहिल्याने हातातून आला. मोटारींच्या शर्यतीत नाव मिळविलेल्या डॉरथी लेव्हिट या इंग्रज स्त्रीने १९०९ साली स्त्रियांसाठी मोटार चालविण्यासंबंधी जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात तिने बाईने गाडी चालविताना एक लहानसा हात-आरसा सोयीच्या जागी जवळ ठेवावा आणि रहदारीत असताना तो मधूनमधून वर धरून मागे काय आहे ते पाहावे, असा सल्ला दिला. एका हाताने सुकाणू आणि दुसऱ्या हाताने आरसा, ही कसरत फार काळ चालण्याजोगी नव्हती. परंतु आरशाचे हे स्थान व हे कार्य मोटार बांधणाऱ्या कारखानदारांच्या आधी रस्त्यावर गाडी चालविणाऱ्या एका स्त्रीने ओळखून लिहून ठेवले, ही गोष्ट त्या पुस्तकाला मोटारींच्या इतिहासात कायमची जागा मिळवून देण्यास पुरेशी आहे.

तीनच वर्षांच्या आत हाच आरसा सर्व जगाच्या नजरेत भरला. ३० मे १९११ रोजी अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे, विटा बसविलेल्या धावमार्गावर पाचशे मैलांची पहिली शर्यत झाली, आणि तिच्यात उतरलेल्या चाळीस गाड्यांपैकी एकोणचाळीस गाड्यांत ड्रायव्हरच्या शेजारी एक यांत्रिक बसलेला होता. तेलाच्या दाबाकडे पाहणे, चाकांची स्थिती सांगणे आणि मागून कोण येत आहे याची खबर देणे, ही त्याची कामे. रे हॅरून याची मार्मन ‘वास्प’ ही ३२ क्रमांकाची गाडी मात्र एकाच आसनाची होती. शेजारचा माणूस वगळल्याने तिचे वजन घटले आणि तिची शेपटी निमुळती करता आली. इतर स्पर्धकांनी आक्षेप घेतला की मागचे पाहणारा कोणी नसता ही गाडी सर्वांनाच धोक्याची आहे. तेव्हा हॅरूनने आपल्या समोर, चार दांड्यांवर, एक आरसा बसविला. १९०४ साली शिकागोत एका घोडागाडीवर आपण असा आरसा पाहिला होता, असे त्याने नंतर सांगितले. सहा तास बेचाळीस मिनिटांत, ताशी सुमारे पंचाहत्तर मैलांच्या सरासरी वेगाने, त्याने ती शर्यत जिंकली, आणि मोटारीवर आरसा लावण्याची कल्पना त्याच्या नावाशी कायमची जोडली गेली.

या कथेचा जो उत्तरार्ध हॅरूननेच पुढे सांगितला, तो आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. विटांच्या त्या मार्गावर आरसा इतका थरथरत होता की त्यात त्याला जवळजवळ काहीच दिसले नाही. अर्थात नियमाचे समाधान झाले, आक्षेप दूर झाला, शर्यत जिंकली गेली, आणि तरीही ज्या कामासाठी आरसा बसविला ते काम त्याने केले नाही. गाडीच्या अंगापासून दूर, दांड्यांवर टेकलेल्या काचेचा हा कंप पुढील शंभर वर्षे ओढगाड्यांच्या आरशांचा पाठलाग करीत राहिला आहे, आणि आजही नवा आरसा घेणाऱ्याने पहिला प्रश्न विचारावा तो याच कंपाविषयी. १९२१ साली एल्मर बर्जर याने अशा आरशाचे पेटंट घेऊन तो मागून येणाऱ्या पोलिसांना हेरण्याचे साधन म्हणून विकण्यास आरंभ केला, आणि त्यानंतरच्या काही दशकांत तो मोटारीचा नित्याचा अवयव झाला. येथपर्यंतचा इतिहास सर्वच गाड्यांचा आहे.

फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांचा स्वतंत्र इतिहास दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जीपपासून सुरू होतो, आणि त्याच्या आरंभी मागच्या नजरेचा प्रश्न उपस्थित झाला नाही याचे कारण साध्या मापात सापडते. जीपची रुंदी बासष्ट इंच. तिच्यामागे जोडावयाचा पाव टनाचा दुचाकी ट्रेलर मुद्दाम असा बांधला होता की त्याची चाके जीपच्याच चाकोरीतून चालावीत. ज्या वाटेने पुढची गाडी निभावली त्या वाटेने मागचीही निभावेल, असा त्या रचनेचा हिशेब होता. १९४८ च्या एप्रिलअखेर ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात लोकांसमोर आलेली लँड रोव्हरही रुंदीने जवळजवळ जीपएवढीच होती. आपल्याकडे स्वातंत्र्याच्या आगेमागे महिंद्र आणि महिंद्र या मुंबईच्या पेढीने विलीज जीपची जुळणी हाती घेतली, आणि पाटबंधारे, वनखाते, महसूलखाते यांच्या दौऱ्यांतून ती गाडी खेडोपाडी परिचित झाली. तिच्या मागे ट्रेलर असलाच तर तोही तिच्यापेक्षा रुंद नसे. अशा जोडीला चिमुकला गोल आरसाही पुरत असे.

ओझे ओढणाऱ्याच्या चाकोरीत ठेवण्याची हीच बुद्धी ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी अधिक भव्य प्रमाणावर प्रकट झाली होती. १९३४ मध्ये ब्रिटनहून आलेल्या एका आठचाकी यंत्रगाडीने दोन आठचाकी ट्रेलर ओढीत ॲलिस स्प्रिंग्जच्या परिसरात, जेथे रस्ता म्हणण्यासारखा रस्ता नव्हता, मालवाहतूक सुरू केली. आणि महायुद्धानंतर त्याच गावच्या कर्ट जोहान्सेनने सैन्याच्या मोडीत निघालेल्या डायमंड टी गाडीमागे स्वतः घडविलेले असे ट्रेलर जोडले की त्यांतील प्रत्येकाचे चाक पुढच्याच्या चाकोरीतून वळत जाई. याच काळात लेन बीडेल हा भूमापक वूमेराच्या अस्त्रचाचणी-क्षेत्रासाठी वाळवंटातून रस्ते आखीत होता. १९५५ ते १९५८ या वर्षांत त्याच्या तुकडीने बांधलेला, तेराशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा गनबॅरल हायवे हा त्या मुलखाच्या मध्यातून पूर्व-पश्चिम जाणारा पहिला रस्ता होय. झुडपांच्या त्या सपाट पसाऱ्यात बीडेल आपली लँड रोव्हर घेऊन पुढे जाई, आणि मागे राहिलेल्या बुलडोझरवाल्याला दिशा कळावी म्हणून आरशावर सूर्यप्रकाश घेऊन त्याची तिरीप मागे पाठवी. पुढे गेलेल्याने मागच्याशी बोलण्याचे साधन म्हणून आरशाचा असा उपयोग झाला, आणि त्या तिरिपीच्या रोखाने रस्ता सरळ होत गेला.

आग्नेयेकडे, स्नोई पर्वतांतील जलविद्युत् योजनेवर (१९४९ ते १९७४) लँड रोव्हर राबत होत्याच. तेथेच कंत्राटदार लेस्ली थीस याने पन्नासच्या दशकाच्या अखेरीस टोयोटाच्या लँड क्रूझर आणविल्या, आणि जपानी फोर-व्हील ड्राइव्ह गाडीचे त्या देशात जे ठाणे बसले ते पुन्हा हलले नाही. या सर्व गाड्या कामाच्या होत्या. सहलीसाठी कॅरव्हॅन ओढण्याचे काम त्या काळी साध्या मोटारींकडे होते. १९४८ च्या नोव्हेंबरात होल्डनची पहिली ऑस्ट्रेलियन मोटार निघाली, १९५० मध्ये पेट्रोलचे नियंत्रण उठले, आणि सुट्टी लागताच प्लायवुडच्या बांधणीच्या लहान कॅरव्हॅनी समुद्रकाठच्या रस्त्यांवर दिसू लागल्या. त्या वेळच्या कॅरव्हॅनीला बहुधा पुढे व मागे समोरासमोर खिडक्या असत, आणि ड्रायव्हर गाडीतील मधल्या आरशातून त्या दोन्ही खिडक्यांच्या आरपार मागचा रस्ता पाहू शकत असे. ओझ्यातूनच नजर काढून देण्याची ही युक्ती मला आजही फार समंजस वाटते. बाजूंसाठी पुढच्या मडगार्डांवर लांब दांडीचे आरसे कसून बसवीत. मडगार्डावरचा आरसा डोळ्यापासून दूर असल्याने त्यात दृश्य लहान आणि अरुंद दिसे, पण तो पाहण्यासाठी मान वळवावी लागत नसे; जपानमध्ये १९८३ पर्यंत नियमानेच आरसे मडगार्डावर असत, ते निष्कारण नव्हते.

नंतर तीन गोष्टी जवळजवळ एकाच काळात घडल्या. १९७६ मध्ये नलारबोरच्या पठारावरून जाणाऱ्या आयर हायवेचे डांबरीकरण पूर्ण झाले, १९८७ पर्यंत डार्विनकडे जाणारा स्टुअर्ट हायवेही पुरा झाला, आणि खंडाला वळसा घालणारा प्रवास सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आला. निवृत्तीनंतर घराला कुलूप लावून महिनोन्महिने कॅरव्हॅनमधून हिंडणाऱ्यांचा एक मोठा वर्ग त्यातून उदयास आला. त्यांच्यासाठी कॅरव्हॅनीत स्नानगृह आले, शीतकपाट आले, शेगडी, पाण्याच्या टाक्या, रुंद पलंग आले; तिची रुंदी वाढत वाढत कायद्याने अनुज्ञेय अशा अडीच मीटरांच्या मर्यादेला जाऊन टेकली, वजन दोन-तीन टनांवर गेले, आणि पुढच्या व मागच्या खिडक्यांची ती समोरासमोरची रचना कपाटांनी व भिंतींनी बुजवून टाकली. साध्या मोटारीला हे ओझे झेपेना. साडेतीन टन ओढण्याची मुभा असलेली लँड क्रूझर किंवा पॅट्रोलसारखी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी तिच्या जागी आली. ओढणारी गाडीही पूर्वीच्या मानाने पुष्कळ रुंदावली होती. पण ओढली जाणारी तिच्याहून अधिक रुंद झाली होती. चाकोरीचा तो जुना करार येथे मोडला.

किती मोडला हे मापूनच पाहावे. आरसे वगळता लँड क्रूझरची अलीकडची रुंदी सुमारे १.९८ मीटर, म्हणजे अडीच मीटरांची कॅरव्हॅन तिच्या प्रत्येक बाजूस २६ सेंटिमीटर बाहेर येते; आणि १.८५ मीटरांची हायलक्स ओढीत असेल तर ३२ सेंटिमीटर. गाडीचा मूळचा आरसा दारापासून साधारण वीतभर बाहेर असतो. याचा अर्थ त्यात दिसणारी मुख्य वस्तू म्हणजे कॅरव्हॅनीची पुढची भिंत. तिच्या मागे लागलेली मोटार, मग ती किती का मोठी असेना, त्या भिंतीआड लुप्त होते. गाडीतील मधला आरसा तर अशा वेळी सर्वस्वी निरुपयोगी. कॅरव्हॅनीच्या बाजूला समांतर जाणारी नजर हवी असेल तर काच कॅरव्हॅनीच्या कडेच्याही थोडी बाहेर गेली पाहिजे, याला दुसरा इलाज नाही. ब्रिटनमध्ये या अपेक्षेला निश्चित माप दिलेले आहे: ड्रायव्हरच्या मागे वीस मीटरांवर, कॅरव्हॅनीच्या कडेपासून चार मीटर रुंदीचा पट्टा त्याला दिसावयास हवा. आरसा निवडताना त्याच्या जाहिरातीपेक्षा हे माप हाताशी असावे; दोन खुंट्या रोवून कोणासही ते पडताळून पाहता येते.

परंतु काच बाहेर नेली की हॅरूनचा कंप परत येतो. तीच दांडी दुप्पट लांब केली तर टोकावरच्या तेवढ्याच भाराने ती आठपट लवते. आणि आरसा एका अंशाने हलला तर परावर्तित किरण दोन अंशांनी वळतो, म्हणजे पन्नास मीटर मागे असलेल्या मोटारीची जागा पावणेदोन मीटरांनी चुकलेली दिसते. ही अर्ध्या मार्गिकेची चूक आहे. मूळच्या आरशावर पट्ट्याने बांधावयाचे जे जोडआरसे प्रथम प्रचारात आले, ते स्वस्त होते, कोणत्याही गाडीला चालत होते, आणि ताशी शंभर किलोमीटरांच्या वाऱ्यात, विशेषतः समोरून अवजड मालट्रक सणकून गेला की, आपली जागा सोडीत होते. चिमटीने घट्ट बसणाऱ्या आरशांनी ही अडचण बऱ्याच अंशी दूर केली, आणि वर्षातून एखाद्या पंधरवड्यापुरते ओढकाम करणाऱ्याला ते आजही पुरतात, असे माझे मत आहे. ज्याचे वर्षच्या वर्ष रस्त्यावर जाते त्याच्यासाठी मूळचा आरसा काढून त्या जागी बसणारा, दारातील पक्क्या बैठकीवर दुहेरी दांड्यांनी पेललेला, हवा तेव्हा बाहेर ओढता येणारा व काम संपताच आत सरकविता येणारा आरसा निर्माण झाला. ऑस्ट्रेलियात गेल्या काही दशकांत त्याचा स्वतंत्र धंदाच उभा राहिला. अमेरिकेत फोर्डने २००८ च्या सुपर ड्यूटी गाडीत असाच आरसा विजेच्या साहाय्याने आतबाहेर सरकण्याची सोय कारखान्यातूनच दिली. आत सरकण्याला महत्त्व आहे ते कायद्यामुळे. ऑस्ट्रेलियन नियमानुसार आरसा गाडीच्या किंवा तिने ओढलेल्या ट्रेलरच्या कमाल रुंदीपलीकडे १५० मिलिमीटर जाऊ शकतो, आणि धक्का लागताच तेवढ्यापर्यंत दुमडणारा असेल तर २३० मिलिमीटरपर्यंत. ट्रेलर सोडून दिला की मापाचा आधारच बदलतो. मग तोच पसरलेला आरसा नियमबाह्य ठरतो, आणि पायी चालणाऱ्याच्या खांद्याला किंवा सायकलवाल्याच्या डोक्याला धोकादायकही.

काचेच्या आकाराविषयी दोन पक्ष पूर्वीपासून आहेत. सपाट काच अंतर खरे दाखविते पण थोडे दाखविते. बहिर्गोल काच पुष्कळ दाखविते पण प्रत्येक वस्तू लहान आणि म्हणून दूर भासविते. अमेरिकन नियमांनी ड्रायव्हरच्या बाजूला सपाट काचेचाच आग्रह धरला, आणि दुसऱ्या बाजूला बहिर्गोल काच चालवून घेताना, दिसणाऱ्या वस्तू भासतात त्याहून जवळ आहेत, अशी सूचना काचेवरच कोरण्याची सक्ती केली. ओढगाडीच्या आरशात बहुधा दोन्ही असतात: वर मोठी सपाट काच, खाली लहान बहिर्गोल. आरशाची जी दोन कामे वर सांगितली, ती येथे दोन काचांत वाटली गेली आहेत. वरच्या काचेत मागून येणाऱ्याचे अंतर व वेग पाहावा, खालच्या काचेत कॅरव्हॅनीचे चाक आणि रस्त्याची कड. हे चाक दिसणे फार मोलाचे. वळणावर मागची चाके पुढच्यांपेक्षा आतून कापत जातात हे त्यातच समजते, टायर बसू लागला किंवा त्यातून धूर निघू लागला तर त्यातच दिसते, आणि कॅरव्हॅनीला लागणाऱ्या हेलकाव्याची पहिली चाहूल स्टिअरिंगच्या बरोबरीने त्याच काचेत मिळते.

आरसे लावावेत ते कॅरव्हॅन जोडून, सामान भरून, सपाट जमिनीवर आणि आपल्या नेहमीच्या आसनावर नेहमीसारखे बसून. रिकाम्या गाडीवर लावलेले आरसे भरल्या गाडीला उपयोगी पडत नाहीत, कारण जोडावर भार आला की गाडीचा मागचा भाग खचतो, नाक वर येते आणि आरशातील दृश्य रस्त्याकडे झुकते. कॅरव्हॅनीची बाजू काचेच्या आतल्या कडेला बारीक पट्टीएवढी दिसावी. ती मुळीच दिसेनाशी झाली तर मागचे अंतर कशाशी ताडून पाहावे हे कळत नाही, आणि ती अर्धी काच व्यापू लागली तर भुजा आणखी बाहेर ओढावयास हवी. कच्च्या रस्त्यावर यातील काहीच पुरत नाही. मागे उठणाऱ्या धुळीच्या लोटात आरसा केवळ लाल भिंत दाखवितो, आणि अशा वेळी जाणता माणूस वेग उतरवून, वाट सापडेल तेथे बाजूला थांबून, धूळ बसेपर्यंत वाट पाहतो.

आपल्याकडे हंगामात ऊस कारखान्याकडे नेणारे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या मागे घेऊन राज्यमार्गावर येतात. ऊस ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंस बाहेर आलेला असतो, त्याची रास ट्रॅक्टरवाल्याच्या डोक्याहून उंच असते, आणि त्याच्या मागे काय आहे हे त्याला कळण्याचा मार्ग जवळजवळ नसतो. रात्री त्या राशीच्या मागे येऊन थडकलेल्या दुचाकीस्वारांच्या बातम्या कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडच्या वाचकांना नव्या नाहीत. ट्रॉलीच्या मागे परावर्तक लावण्याचा आग्रह धरला जातो तो रास्तच आहे. परंतु ओझे ओढणाऱ्यालाही मागचे दिसले पाहिजे, त्याच्याही दोन्ही बाजूंस ओझ्याच्या कडेपलीकडे जाणारी काच असली पाहिजे, ही मागणी तितक्याच तळमळीने कोणी करीत नाही याचे मला दुःख होते. भुजेवरचा आरसा काही परदेशी चैनीची वस्तू नव्हे. गावच्या लोहाराला आणि काच कापणाऱ्याला तो करता येईल.

आता काचेची जागा कॅमेऱ्याने घेण्यास आरंभ झाला आहे. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांनी बाजूच्या आरशाऐवजी कॅमेरा व पडदा वापरण्याची मुभा दिली, आणि २०१८ मध्ये जपानात लेक्सस ईएस ही तशी मोटार सर्वसामान्यांना विकत मिळू लागली. कॅरव्हॅनीच्या मागे लावलेला कॅमेरा मधल्या आरशाचे बुजलेले काम पुन्हा करतो, आणि कॅरव्हॅन मागे घेताना त्याचा उपयोग निर्विवाद आहे. परंतु मध्य ऑस्ट्रेलियाच्या तांबड्या धुळीत त्याचे भिंग तासाभरात माखते आणि ते पुसण्यास खाली उतरावे लागते, तर दारावरची काच हात बाहेर काढून पुसता येते. म्हणून दूरच्या वाटेवरचे लोक कॅमेरा असूनही भुजांचे आरसे काढून टाकीत नाहीत. रेडिओनेही या कामात भाग घेतला आहे. तेथील मालट्रकांचे चालक यूएचएफच्या ४० क्रमांकाच्या वाहिनीवर असतात, कॅरव्हॅनवाले आपसांत बहुधा १८ वर बोलतात, आणि पुष्कळ कॅरव्हॅनींच्या मागच्या पत्र्यावर आपण कोणत्या वाहिनीवर आहोत हे ठळक आकड्यांत लिहिलेले असते. साडेत्रेपन्न मीटर लांबीची रोड ट्रेन, म्हणजे अनेक ट्रेलर ओढणारी मालवाहू गाडी, ओलांडू पाहत असेल तेव्हा तिचा चालक ते आकडे वाचून पुढच्याला हाक देतो. पुढचा उजव्या आरशाच्या वरच्या काचेत तिचे अंतर पाहतो, आपला वेग एकसारखा राखतो किंवा तिने मार्गिका बदलल्यावर थोडा उतरवितो, आणि तिचा शेवटचा ट्रेलर आपल्या गाडीच्या नाकापुढे निघून गेला की आता आत यावयास हरकत नाही असे तिला कळवितो.